तालुक्याचं ॲव्हरेज

आमच्या लोहाऱ्यात कुणी गाडी घेतली की माणूस पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारतो, "ॲव्हरेज किती देती?" रंग, किंमत, हप्ता हे सगळं मागनं. मी एकदा मयताला गेलो होतो. सरण अजून पेटायचं होतं, तेवढ्यात एक जण माझ्या कानाशी लागला, "मिस्त्री, माझी पंचावन्नावर आली वो, काय झालं असंल?" मी पण हळूच सांगितलं, "साखळी ढिली दिसतीय." जो गेला होता तो माझंच गिऱ्हाईक होता आणि त्याची गाडी साठ द्यायची, त्यामुळं त्याला राग आला नसता.

मी दिगंबर मिस्त्री. बसस्थानकाच्या मागं माझं पत्र्याचं गॅरेज आहे. आता गुडघे गेलेत, खाली बसलो की उठताना दोन माणसं लागतात, म्हणून मी स्टुलावर बसून नुसतं कानानं गाडी तपासतो. या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की तुमचं आयुष्य लिहून द्या. म्हटलं, आयुष्यात काय आहे, ऑइल आणि चिंध्या. त्यापेक्षा ॲव्हरेजचं लिहितो. त्यात माझी सगळी अब्रू गुंतलेली आहे आणि ती कशी गेली तेही त्यातच येतं.

ज्यांना यातलं काही माहीत न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाती ते ॲव्हरेज. जुन्या गाड्यांना पेट्रोलचा काटा नसायचा, किंवा असला तर तो बाराही महिने एकाच जागी झोपलेला. मग टाकीखाली एक कॉक असायचा, त्याच्या तीन दिशा: चालू, बंद आणि रिझर्व्ह. चालता चालता गाडी अडखळली की खाली हात घालून कॉक रिझर्व्हला वळवायचा, म्हणजे टाकीच्या तळातलं पेट्रोल सुरू होतं आणि आपल्याला कळतं की आता पंप गाठला पाहिजे. इतकी साधी सोय. पण आमच्याकडं निम्मे लोक कॉक कायम रिझर्व्हलाच ठेवायचे. का, तर "ऐन वेळी वळवायचं ध्यानात न्हाय आलं तर?" म्हणजे संकटाची घंटा आधीच वाजवून मोकळे. मग टाकी ठार कोरडी झाल्यावर रस्त्याच्या कडंला गाडी आडवी पाडायची, उजवीकडचं पेट्रोल डावीकडं आणायचं, टाकीचं झाकण उघडून आत फुंकायचं आणि आणखी अर्धा किलोमीटर जायचं. फुंकल्यानं काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं न्हाय, पण मी पण फुंकतो.

ॲव्हरेज कमी का होतं, याला शंभर कारणं. चाकात हवा कमी, ब्रेक घासतोय, एअर फिल्टरमध्ये उंदरानं घर केलंय, क्लच अर्धा दाबून चालवायची सवय. पण खरं कारण बहुतेक वेळा सीटवर बसलेलं असतं. एक दूधवाला यायचा, त्याची गाडी तीस द्यायची. कार्बोरेटर तीनदा खोलला, सुई बदलली, काही न्हाय. शेवटी मी त्याला म्हटलं, घरून जसा निघतोस तसा निघून दाखव. गड्यानं जेवणाची पिशवी उचलली आणि हँडलजवळच्या चोकच्या दांडीला अडकवली. दोन वर्षं तो चोक ओढून, म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त सोडून, दूध घालत होता. भाकरी जास्त असली की ॲव्हरेज आणखी खाली. मी म्हटलं, "बाबा, तुझी गाडी बरोबर हाय, बायको जेवण जास्त देती." तर तो घरी जाऊन खरंच बायकोशी भांडला.

आता माझी बाटली.

ॲव्हरेज काढायची खरी पद्धत म्हणजे बाटली लावणं. टाकीची नळी सोडायची, कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल जाळून टाकायचं. मग एका बाटलीत बरोबर शंभर मिली पेट्रोल घेऊन ती हँडलला उलटी टांगायची, तिची नळी कार्बोरेटरला जोडायची आणि चाळीसच्या स्पीडनं निघायचं. जिथं इंजिन बंद पडंल तिथं मीटर बघायचं. सात किलोमीटर गेली तर लिटरला सत्तर. यात कुणाला फसवता येत न्हाय.

माझी बाटली काचेची होती, खोकल्याच्या औषधाची. धंदा सुरू केला तेव्हाच मी ती धुऊन घेतली, औषधाच्या दहा मिलीच्या टोपणानं दहा टोपणं मोजून तिच्यात ओतली आणि जिथवर आलं तिथं लाल रंगानं रेघ मारली. माझा बाप कळंबच्या आडतीवर मापाडी होता, धान्य मापायचा. मी लहान असताना आडतीच्या बाहेर बैलांजवळ बसून त्याचा आवाज ऐकायचो. पहिलं माप टाकताना तो लांब सूर लावायचा, "लाभ... लाभ... लाभ..." आतमध्ये गोंगाट, पुढचे आकडे मला कधी ऐकू आले न्हायत. पण तो लाभ माझ्या कानात पक्का बसला. पुढं मला लोहाऱ्याला मामाकडं गॅरेजवर धाडलं आणि बाप लवकर गेला. बाटली मोजताना मला त्याची लई आठवण आली. त्याच्याच सुरात मी लाभ म्हटलं, पहिलं टोपण ओतलं आणि मग मोजायला लागलो.

ती बाटली म्हणजे तालुक्याचं कोर्ट झालं. दिगू मिस्त्रीच्या बाटलीनं काढलं म्हटल्यावर पुढं बोलायचं काम न्हाय. जुनी गाडी विकताना लोक म्हणायचे, "बहात्तर देती, मिस्त्रीच्या बाटलीनं." शेजारच्या गॅरेजवाल्यांचा आकडा कायम माझ्यापेक्षा कमी निघायचा. मी म्हणायचो, त्यांना हात न्हाय. माझा हात लागला की गाडी खुलती, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून गप बसायचो. गप बसणं म्हणजे व्हय म्हणणंच असतं.

एकच माणूस मला सलायचा, ते म्हणजे माने गुरुजी. गणिताचे मास्तर, शाळा बारा किलोमीटरवर. त्यांची गाडी माझ्या बाटलीनं बहात्तर निघाली. गुरुजींनी लगेच गणित मांडलं. जाऊन येऊन चोवीस, तीन दिवसांचे बहात्तर, म्हणजे दर तीन दिवसांनी एक लिटर. कॉक कायम रिझर्व्हला, कारण गणित असताना घंटा कशाला पायजे? आणि दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, घर साडेसहा किलोमीटर राहिलं की एका चिंचेखाली त्यांची गाडी बंद पडायची. आज न्हाय उद्या न्हाय, बरोबर तिसऱ्या दिवशी, त्याच चिंचेखाली. तिथनं ते गाडी ढकलत यायचे.

मी गाडी खोलली. रिंगा बदलल्या. परत खोलली, परत रिंगा बदलल्या. बाटली लावली की बहात्तरच. मी म्हटलं, "गुरुजी, जरा जास्त टाकत जावा की पेट्रोल." ते म्हणाले, "मिस्त्री, गणित बरोबर आहे, रस्ता चुकतोय. रस्त्याचं चुकलेलं मी माझ्या खिशातनं का भरू?" असा माणूस. ते चिंचेखाली थांबून दम खायचे, डोळे मिटून आकडेमोड करायचे. लोकांना वाटलं, गुरुजी हात जोडून उभे राहतात, जागा जागृत दिसतीय. कुणीतरी तिथल्या धोंड्याला शेंदूर लावला. कुणीतरी नारळ फोडला. दोन वर्षांत त्याचं नाव पडलं थांबोबा. आता एसटीचे ड्रायव्हरसुद्धा तिथं हॉर्न वाजवून नमस्कार करतात. मी स्वतः थांबोबाला पाच नारळ दिलेत, गुरुजींची गाडी सुधारू दे म्हणून.

एवढं ध्यानात ठेवा, मग पुढचं कळंल.

सास्तूरचे बसवणप्पा माझं जुनं गिऱ्हाईक. आवाज असा की शेतातनं हाक मारली तर गावातली कुत्री उठून बसतात. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. त्यांची काळी शंभर सीसीची गाडी मी बाटली लावून पंच्याऐंशी काढून दिलेली. त्यांनी तो आकडा टाकीवर पांढऱ्या पेंटनं लिहून घेतला होता. गाडी पंधरा वर्षांत दोनदा रंगवली, आकडा दोन्ही वेळा परत लिहिला.

त्यांची लेक राजश्री लातूरला शिकलेली, आता गावातल्याच दवाखान्यात नर्स. तिला कळंबचं स्थळ आलं. पोरगा महेश, शेतकी कॉलेज करून बियाण्याचं दुकान टाकलेला. दोघं दोनदा भेटली, पसंती झाली. सुपारी फोडायला महेशचे वडील मन्मथराव सास्तूरला आले. बाकीचे जीपनं आले आणि हा माणूस त्याच्या काळ्या गाडीवर, कळंबपासनं. अंगानं काटकुळे, बोलणं मोजून. आणि गाडी बसवणप्पांचीच जोडी: तेच मॉडेल, तेच वर्ष.

ताटात सुपारी, हळदकुंकू, नारळ मांडून ठेवलेलं. बसवणप्पांनी कौतुकानं दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि विचारलं, "तुमची किती देती वो?"

मन्मथराव म्हणाले, "सत्याहत्तर."

"माझी पंच्याऐंशी," बसवणप्पा म्हणाले आणि टाकीवरचा आकडा दाखवला.

मन्मथरावांनी आकडा वाचला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शांतपणे म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली, मी टाकी तोंडोतोंड भरतो, फिरतो आणि परत तोंडोतोंड भरून बघतो. ही गाडी सत्याहत्तरच्या वर जात न्हाय. लिहायला काय, माणूस टाकीवर काही पण लिहील."

झालं. बसवणप्पा म्हणाले, म्हणजे मी खोटारडा व्हय? मन्मथराव म्हणाले, मी तसं म्हणलो न्हाय, पण गाडी तसं म्हणतीय. कानडी सुरू झालं. बायकांनी आत चहा तीनदा गरम केला. शेवटी बसवणप्पांनी ताटावर उपरणं टाकलं. "लिहिलेल्या आकड्यावर ज्यांचा भरवसा न्हाय, ते माझ्या लेकीवर काय ठेवणार?" तर मन्मथराव म्हणाले, "टाकीवर आठ किलोमीटर वाढवून लिहितात त्यांनी पोरीबद्दल काय काय वाढवून सांगितलं असंल कुणाला मालूम." मग कुणीतरी शहाण्यानं तोडगा काढला. येत्या रविवारी दोन्ही गाड्या लोहाऱ्याला न्यायच्या आणि दिगू मिस्त्रीनं बाटली लावायची. जो खोटा निघंल त्यानं माफी मागायची, न्हायतर लग्न मोडलं.

शनिवारी दुपारी राजश्री स्कूटी घेऊन माझ्याकडं आली. अजून दवाखान्याचा पांढरा कोट अंगावर.

"काका, उद्या दोन्ही गाड्या सारख्या काढा."

"मी काढत नसतो, पोरी. बाटली काढती."

"मग बाटलीला सांगा की," ती म्हणाली. हसायला गेली आणि तिचे डोळेच भरून आले. "दहा स्थळं बघितली काका मी. एकानं विचारलं पगार किती, एकानं विचारलं नोकरी कधी सोडणार. ह्यानं विचारलं, नाईट ड्युटी असली की जेवता का तुम्ही? मला हेच घर पायजे. आणि माझे बाबा माफी मागणार न्हायत, तुम्हाला माहीत आहे. त्यांचे बाबा बी मागणार न्हायत. एक जरी खोटा निघाला तरी मी गेले."

मला तिची लई माया आली. एखाद्यानं चार थेंब इकडंतिकडं केले असते. पण मी स्टुलावर ताठ बसलो आणि म्हणालो, "बाळ, ही बाटली आजवर खोटं बोलली न्हाय. तुझ्यासाठी पण बोलणार न्हाय." तिनं स्कूटी वळवली आणि ती गेली. आज ते वाक्य आठवलं की मी एकटाच हसतो आणि मग कानाला हात लावतो.

रविवारी सकाळी गॅरेजपुढं जत्रा भरली. सास्तूरची दोन जीप माणसं, कळंबची एक, आणि लोहाऱ्यातले रिकामे तर सगळेच. माने गुरुजी आकडे लिहून घ्यायला खडू घेऊन पुढं. राजश्री तिच्या आईजवळ, महेश पलीकडं चहाच्या टपरीशी, दोघं एकमेकांकडं बघत पण न्हाय आणि दुसरीकडं पण बघत न्हाय. त्या ताटातली सुपारी राजश्रीच्या आईनं पदराला बांधून आणली होती, तेवढी त्या माउलीला आशा.

आधी चाकातल्या हवेवरनं वाद झाला. मग वाऱ्याच्या दिशेवरनं. मग ठरलं की दोन्ही गाड्या मीच चालवायच्या, म्हणजे वजन एकच. तर बसवणप्पांनी माझ्या हातातला पोह्यांचा बशीभर नाश्ता काढून घेतला. "आत्ता खाल्लं तर पहिल्या गाडीला भार जास्त." मन्मथरावांना हे पटलं. दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. पाणीसुद्धा पिऊ दिलं न्हाय.

आधी बसवणप्पांची गाडी. लाल रेघेपर्यंत पेट्रोल घेतलं, बाटली टांगली, सास्तूरच्या रस्त्याला लागलो. मागं पंधरा-वीस गाड्यांची वरात. साडेआठ किलोमीटरला, एका विहिरीपाशी गाडी खोकली आणि थांबली. पंच्याऐंशी. बसवणप्पांनी त्या विहिरीपाशी उभं राहून जी आरोळी ठोकली ती सास्तूरला ऐकू गेली असणार.

मग मन्मथरावांची. तोच रस्ता, तीच बाटली, माझं तेच उपाशी पोट. आठ किलोमीटर झाले, गाडी चालूच. म्हटलं, आता काय होतंय देव जाणे. विहीर दिसली. गाडी खोकली आणि त्याच विहिरीपाशी, पहिलीच्या चाकाची खूण होती तिच्या हातभर पुढं थांबली. पंच्याऐंशी.

मला वाटलं मी जग जिंकलं. कुणी खोटा न्हाय, दोन्ही गाड्या सारख्या, आणि माझ्या हातनं थेंबाची पण लबाडी न्हाय. वरात वाजत-गाजत परत आली. बसवणप्पा मन्मथरावांच्या गळ्यात पडायला निघाले, "अहो, तुमची बी पंच्याऐंशी देती, तुम्हालाच माहीत न्हाय!"

मन्मथराव गळ्यात पडले न्हायत. ते माझ्या बाटलीकडं बघत होते.

"एकोणीस वर्षं मी सत्याहत्तर मोजतोय," ते म्हणाले. "एका सकाळी पंच्याऐंशी कशी झाली? एक तर मी एकोणीस वर्षं खोटा, न्हायतर ही बाटली खोटी. आणि मी खोटा न्हाय."

बसवणप्पांचा पारा परत चढला. "हरला म्हणून बाटलीवर घसरला व्हय? चला रे, जीप काढा." राजश्रीच्या आईचा हात पदराच्या गाठीवर गेला. राजश्री माझ्याकडं बघत होती. आणि माझं डोकं फिरलं. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या तालुक्यासमोर, माझ्या बाटलीवर संशय.

मी स्टुलावरनं उठलो, गुडघ्याची पर्वा न करता. कपाटातनं ते जुनं टोपण काढलं, बाटली रिकामी केली आणि म्हणालो, "या इकडं, नीट बघा. सगळ्यांसमोर मोजतो. रेघेच्या खाली एक थेंब आला तर हे गॅरेज बंद करतो."

टोपण भरलं. बापाच्या सुरात लांब आवाज लावला, "लाभ..." आणि ओतलं. दुसरं टोपण भरलं. "एक..." ओतलं. "दोन..." ओतलं.

"थांबा," मन्मथराव म्हणाले.

मी थांबलो.

"आत्ता किती टोपणं झाली?"

"दोन."

"तीन झाली, मिस्त्री." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मी आडतीवर पंचवीस वर्षं माप टाकलंय. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत न्हाय. एक म्हणजे एकटं, ते चांगलं न्हाय, म्हणून त्याला लाभ म्हणायचं. लाभ म्हणजेच एक. त्याच्यानंतर दोन."

मला वाटायचं, लाभ म्हणजे देवाचं नाव, मोजायच्या आधी घ्यायचं. नटबोल्ट मोजताना मी नुसता हात जोडून लाभ म्हणायचो, तिथं काही बिघडत नव्हतं. पण बाटलीत लाभ म्हणताना मी टोपण ओतलं होतं. अकरा टोपणं. शंभराची न्हाय, एकशे दहाची बाटली. म्हणजे आजवर ह्या तालुक्यात मी काढलेलं एकूण एक ॲव्हरेज खोटं, सगळं फुगवलेलं. माझा हात, माझं नाव, शेजारच्या गॅरेजवाल्यांना हसलो ते, सगळं त्या एका टोपणावर उभं होतं. मी परत स्टुलावर बसलो.

मन्मथरावांनी विचारलं, "हा सूर कुठला? कुणाचे तुम्ही?"

मी बापाचं नाव सांगितलं.

"अरे देवा," ते म्हणाले. "त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. त्यांचं माप आम्ही डोळं झाकून घेत होतो. सूर तुम्ही बरोबर उचलला, मिस्त्री. आकडा तेवढा आडतीवर राहिला."

मी मान खाली घालून म्हणालो, "चुकलो. सगळ्यांशी चुकलो."

गुरुजींनी तेवढ्यात फरशीवर खडूनं भागाकार केला होता. "पंच्याऐंशी भागिले एक पूर्णांक एक. सत्याहत्तर, आणि वर थोडं." मग त्यांनी दुसरा भागाकार केला आणि खडू तसाच हातात राहिला. "बहात्तर भागिले एक पूर्णांक एक," ते पुटपुटले. "साडेपासष्ट. बहात्तर वजा साडेपासष्ट, साडेसहा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चिंच."

सगळ्यात आधी कोण हसलं ते सांगता येत न्हाय. बहुतेक महेश. मग ते हसू पसरलं ते आवरेचना. कुणी म्हणालं थांबोबा, आणि माणसं पोट धरून खाली बसली. बसवणप्पा मात्र उभेच होते. त्यांच्या टाकीवर पांढऱ्या पेंटनं पंच्याऐंशी होतं.

"म्हणजे माझी बी सत्याहत्तर?"

"व्हय अप्पा."

"पंधरा वर्षं मी लोकांत पंच्याऐंशी सांगत फिरलो, ह्या मिस्त्रीच्या जिवावर?" आणि ते माझ्यावर सुटले. कानडी, मराठी, दोन्ही एकदम. मी सगळं ऐकून घेतलं, खरंच होतं ते. अजून बरंच चाललं असतं, पण मन्मथरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सोडा हो व्याही. बाटलीच खोटी होती, तुम्ही न्हाय."

व्याही. शब्द निसटला की त्यांनी मुद्दाम वापरला, माहीत न्हाय. मोजून बोलणारा माणूस, निसटला नसंल. राजश्रीनं तो ऐकला आणि एकदम आईचा हात धरला. बसवणप्पांनी मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "हौदू, तुम्ही म्हणता ते बरोबर." हौदू म्हणजे व्हय. आयुष्यात हा शब्द त्यांनी दुसऱ्याला क्वचितच दिला असंल. "पण व्याही, ह्या मिस्त्रीला सोडायचं न्हाय."

"सोडायचंच न्हाय," व्याही म्हणाले.

मग दोघांनी मिळून मला धुतलं. एक वाक्य हे, एक वाक्य ते, असं जोडीनं. मी त्यांचा सामाईक शत्रू झालो आणि त्यांची जी गट्टी जमली ती आजपर्यंत. राजश्रीच्या आईनं पदराची गाठ सोडली. सुपारी माझ्याच टेबलावर, व्हाइसच्या लोखंडी जबड्याशेजारी ठेवली आणि माझ्याच हातोडीनं फोडली. तुकडे ग्रीसमध्ये पडले, पुसून वाटले. मला पोहे परत मिळाले, गार झालेले, पण तसले पोहे मी परत खाल्ले न्हायत.

राजश्री जाताना माझ्याजवळ आली. "काका, तुमची बाटली खोटं बोलत न्हाय म्हणाला होता."

"बोलली की बाळ. पण दोघांशी सारखंच बोलली."

पुढचा महिना वाईट गेला. लोक भांडायला यायचे, "माझी सत्तरची तुम्ही त्रेसष्ट केली." मी बाटलीवर जुन्या रेघेच्या खाली दुसरी रेघ मारली, बरोबर शंभरची. गिऱ्हाईक आलं की दोन्ही रेघा दाखवून विचारतो, कुठली लावू? खरं सांगतो, दहातले आठ जण म्हणतात, "जुनीच लावा, मिस्त्री." विकणारा तर जुनीच मागतो. आणि घेणाऱ्यानं विचारलं तर मी नवी सांगतो, म्हणून विकणारे आता माझ्याकडं येत न्हायत. चालायचंच.

गुरुजींची माफी मागायला मी घरी गेलो. किती संध्याकाळी त्या माणसानं साडेसहा किलोमीटर गाडी ढकलली, माझ्या एका टोपणापायी. मला मान वर करता येईना. गुरुजींनी चहा पाजला आणि म्हणाले, "मिस्त्री, मला एवढंच पाहिजे होतं, गणित चुकलं नव्हतं." मग म्हणाले, "पण त्या दिवशी गॅरेजवर नव्हते त्यांना थांबोबाचं सांगू नका. लोकांच्या मनाला लागेल." आम्ही सांगितलं न्हाय. अंकात छापून येईल तेव्हा बघू. तसाही थांबोबा आता आमच्या हातात राहिलेला न्हाय, मागच्या वर्षी त्याला पत्र्याचं छप्पर झालंय.

राजश्री-महेशचं लग्न झालं. दोघं आधी बसवणप्पांच्या गाडीवर थांबोबाला जाऊन आली. टाकीवर आता सत्याहत्तर लिहिलंय, पण खालनं जुना पंच्याऐंशी दिसतो, बसवणप्पांनी पेंट मुद्दाम पातळ लावलाय.

आणि गेल्या महिन्यात सास्तूरला बारसं होतं. जुळं झालंय राजश्रीला, दोन पोरी. मी गेलो तर दोन पाळणे शेजारीशेजारी, दोन्ही आजोबा दोन्हीकडं, आणि घरभर माणसं. मला बघितल्याबरोबर मन्मथराव म्हणाले, "या मिस्त्री, तुमचीच वाट बघत होतो. मोजा."

माणसं पाळण्यांभोवती सरकली. मी पहिल्या पाळण्यावर हात ठेवला आणि बापाच्या सुरात म्हणालो, "लाभ..." मग गुडघा सांभाळत दुसऱ्या पाळण्यापाशी सरकलो. देवाशपथ सांगतो, जीभ एकावर गेली होती. तेवढ्यात राजश्रीनं माझ्याकडं बघितलं.

"दोन," म्हणालो.